पोळीतले घर आणि शेजाऱ्याचा हक्क

बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसास ‘पोळ’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. पुण्याहून आलेल्या पाहुण्यास मात्र ‘आम्ही पोळीत राहतो’ असे सांगितले की हसू येते. त्याच्या डोळ्यांपुढे तव्यावरची पोळी उभी राहते. शब्द जुना आणि कुलीन आहे. संस्कृतात ‘प्रतोली’ म्हणजे नगराचे द्वार किंवा त्या द्वारातून आत जाणारा मार्ग. प्राकृताच्या वाटेने झिजत झिजत तो गुजरातीत ‘पोळ’ झाला. आधी तो दरवाज्याचा वाचक होता, पुढे दरवाज्याआडच्या वस्तीचा झाला. वस्तीला दरवाज्याचे नाव पडावे, यातच त्या वस्तीचा स्वभाव पुष्कळसा आला.

गेल्या वर्षी आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी कागदांचे पुडके घेऊन माझ्याकडे आला. तो अहमदाबादेस नोकरी करतो. तेथील जुन्या शहरातील एका पोळीत त्यास घर विकत घ्यावयाचे होते. कोरीव लाकडी खांब, मध्ये चौक, चौकाखाली पाण्याचे टाके, आणि किंमत नव्या वस्तीतील सदनिकेहून कमी. ‘सर, घेऊ का?’ एवढाच त्याचा प्रश्न होता. मी म्हटले, ‘पोळीला विचारलेस का?’ तो गोंधळला. ‘मालकाला विचारले, वकिलाला दाखवले. पोळीला म्हणजे कोणाला विचारायचे?’

दीडशे वर्षांपूर्वी अहमदाबादेत हा प्रश्न कोणी केला नसता. घराच्या सौद्यात विकणारा, घेणारा आणि शेजार असे तीन पक्ष असतात, हे तेथे पोरासोरांसही ठाऊक होते. हा तिसरा पक्ष कोठून आला, त्याचे बळ कशात होते, आणि तो गेल्यावर त्याच्या जागी कोण येऊन बसले, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. विषय अहमदाबादचा असला, तरी बडोद्याच्या जुन्या पोळींत ज्यांचे बालपण गेले त्यांस तो परका वाटणार नाही.

सुलतान अहमदशहाने साबरमतीच्या काठी हे शहर १४११ साली वसविले. माणेकचौकानजीकची ‘मुहूर्त पोळ’ ही शहरातील पहिली पोळ, असे परंपरा सांगते. पुढे एका पोळीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा त्या वाढत गेल्या. आज त्यांची संख्या सहाशेच्या घरात सांगितली जाते. रचना बहुधा सारखी. मोठ्या रस्त्यावर एक दरवाजा, त्याच्या माथ्यावर पहारेकऱ्याची खोली, आत एक वाकडातिकडा रस्ता, त्याला फुटलेल्या गल्ल्या, एक विहीर, एक देऊळ, आणि पाखरांना दाणे टाकण्यासाठी खांबावर उभारलेला नक्षीदार चबुतरा. रात्री दरवाजा बंद. बाहेरच्यास आत शिरण्याची वाट एकच दिसे. आतल्यास मात्र एका पोळीतून दुसरीत नेणाऱ्या चोरवाटा ठाऊक असत.

दरवाजा कशासाठी, असे विचारले तर उत्तर इतिहासात आहे. १७१४ साली होळीच्या निमित्ताने शहरात मोठा दंगा झाला आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्यांपर्यंत त्याची झळ पोहोचली. मोगलांची सत्ता त्यानंतर ढिली होत गेली आणि शहराला रक्षणकर्ता उरला नाही. येथे आपण मराठी माणसांनी थोडे प्रामाणिक व्हावयास हवे. त्या शतकात ज्यांच्या भयाने हे दरवाजे लावून घेतले जात, त्यांत मराठी फौजाही होत्या. १७२५ साली हमीदखान आणि त्याच्या साहाय्यास आलेले कंथाजी कदम बांडे यांच्या सैन्यामुळे शहर लुटले जाण्याची वेळ आली, तेव्हा नगरशेठ खुशालचंद याने पदरची रक्कम देऊन ते संकट टाळले. शांतिदास झवेरी या प्रसिद्ध जवाहिऱ्याचा हा नातू. शहरातील महाजनांनी त्याची उतराई म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर शेकडा चार आणे इतका हक्क त्यास आणि त्याच्या वंशजांस लावून दिला. शहराने आपले रक्षण आपणच विकत घेतले, आणि त्याचे मोलही आपसांत वाटून घेतले. पोळीची रीत याच जातीची होती.

१७५३ साली राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी शहर घेतले. मध्यंतरी मोमीनखानाने ते परत मिळविले. १७५८ साली ते पुन्हा मराठ्यांकडे आले आणि दुहेरी अंमल सुरू झाला. भद्राच्या किल्ल्यात पेशव्यांचा अंमलदार बसे, गायकवाडांचा आपल्या हवेलीत. वसूल निम्मा निम्मा. मधली काही वर्षे वगळता हा प्रकार १८१७ पर्यंत चालला. त्या वर्षी शहर इंग्रजांकडे गेले, तेव्हा लोकवस्ती ऐंशी हजारांच्या आसपास उरली होती. या साठ वर्षांच्या कारभाराचे गोडवे गाण्याजोगे फारसे काही नाही. पण दोन धन्यांच्या भांडणात नागरिकांस विश्वासाचे ठिकाण एकच राहिले, ते म्हणजे स्वतःची पोळ. वरची सत्ता जितकी दुबळी, तितका पोळीचा पंच प्रबळ, असे म्हणावयास हरकत नाही.

आता घराच्या आत जाऊ. रस्त्याला लागून ओटा. त्यावर सकाळी भाजी निवडली जाते, दुपारी बायका बसतात, संध्याकाळी म्हातारे. ओट्यावरून आत गेले की चौक. त्यातून उजेड आणि वारा खालच्या अंधाऱ्या खोल्यांपर्यंत पोहोचतो. चौकापलीकडे पडसाळ आणि अगदी आत माजघर. चौकाच्या फरशीखाली टाके असते. मघा नक्षत्राचा पाऊस उत्तम, अशी समजूत असल्याने पहिल्या सरींनी छपरे धुऊन निघाली, की त्या नक्षत्राचे पाणी नळीवाटे टाक्यात सोडावयाचे आणि ते वर्षभर पिण्यास वापरावयाचे. रणछोडलाल छोटालाल या गिरणीमालक नगराध्यक्षाने १८९१ साली नळाचे पाणी आणले, तेव्हा जुन्या मंडळींनी नाके मुरडली होती. टाक्याच्या पाण्याची चव ज्याने घेतली आहे, तो त्यांस फारसा दोष देणार नाही.

परंतु या घरातील सर्वांत महत्त्वाची वस्तू चौक नव्हे, टाकेही नव्हे. ती म्हणजे भिंत. दोन घरांमधली भिंत एकच असते. विटांच्या भिंतीत ठरावीक अंतरावर आडव्या तुळया बसविलेल्या, आणि त्या तुळयांची टोके दोन्ही घरांत. एकाचे आढे दुसऱ्याच्या खांबावर विसंबते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात शहराच्या नव्या भागातील काही अनेक मजली इमारती कोसळल्या. जुन्या शहरातील पुष्कळशी घरे मात्र लाकडाच्या लवचिकपणामुळे आणि एकमेकांच्या आधारामुळे हलूनही उभी राहिली. याची उलट बाजू अशी, की एक घर पडले किंवा पाडले, तर दोन्हीकडची दोन घरे उघडी पडतात. छपराचे पाणी कोणाच्या अंगणात पडावे, सांडपाणी कोणाच्या दारावरून जावे, खिडकी कोणाच्या चौकाकडे उघडावी, हे सर्व शेजाऱ्याशी बांधलेले. म्हणून जुन्या खरेदीखतांत घराचे वर्णन चारी दिशांच्या शेजाऱ्यांची नावे घेतल्यावाचून होत नसे. गहाणखतांतली एक रीत तर मला फार आवडते. घर गहाण घेणारा त्यात राहावयास येई. घरास भाडे नाही आणि पैशास व्याज नाही, अशा बोलीवर. म्हणजे सावकारच शेजारी होऊन बसे. असा शेजारी कोण असावा, हे ठरविण्यात पोळीला रस नसता तरच नवल.

मुंबई सरकारने १८७९ साली प्रसिद्ध केलेल्या अहमदाबाद जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पोळीच्या या रिवाजांची नोंद आहे. पोळीतले घर आधी पोळीतल्यांस देऊ केल्यावाचून परक्यास विकता किंवा गहाण टाकता येत नसे. नियम त्या काळी काहीसा सैल होऊ लागला होता. विक्री झाली, की किमतीतील काही टक्के पोळीच्या समाईक निधीत भरावे लागत. घरात लग्न निघाले तर पोळीस काही द्यावे लागे. नियम मोडणाऱ्यास दंड असे. दरवाज्याची डागडुजी, पहारेकऱ्याचा पगार आणि दिवाबत्ती हा खर्च या पैशातून होई. कोणाच्या घरी मृत्यू झाला, तर सारी पोळ सुतकात सामील. आजच्या गृहनिर्माण संस्थेच्या पोटनियमांत हस्तांतर शुल्काचे जे कलम असते, त्याचा हा पणजोबा म्हणता येईल.

या रिवाजाच्या मागे कायद्याचेही पाठबळ होते, आणि तो भाग वाचकांस कदाचित नवा वाटेल. इस्लामी धर्मशास्त्रात ‘शुफा’ नावाचा हक्क आहे. मिळकत विकली जात असेल, तर ठरलेल्या किमतीस ती प्रथम आपण घेण्याचा अधिकार तिघांस मिळतो: मिळकतीत भाग असलेल्यास, वाट किंवा पाणी समाईक असलेल्यास आणि भिंतीस भिंत लागलेल्या शेजाऱ्यास. विक्रीची वार्ता कानी पडताच मागणी करावयाची, मग साक्षीदारांसमक्ष ती पुन्हा करावयाची; विलंब झाला तर हक्क गेला. गुजरातेत सुलतानी आणि मोगली अमलात हा कायदा न्यायालयांत चालला आणि हिंदूंनीही तो आपला रिवाज म्हणून उचलला. मुंबईच्या उच्च न्यायालयाने गुजरातेतील हिंदूंमध्ये ही रूढी असल्याचे १८६९ साली मान्य केले. मशिदीतल्या शास्त्राचा नियम जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांनी आपल्या पोळीच्या रक्षणासाठी वापरावा, हे आज अनेकांस विचित्र वाटेल. त्या काळी वाटले नाही. नियम सोयीचा होता, एवढेच त्यांनी पाहिले.

सोयीचा नियम चुकविण्याच्या युक्त्याही सोयीच्याच निघतात. शास्त्रकारांनीच त्या नोंदविल्या आहेत. शेजाऱ्याच्या भिंतीलगत वीतभर रुंदीची पट्टी न विकता ठेवावयाची आणि बाकीचे घर विकावयाचे. मग नवा मालक कायद्याच्या दृष्टीने शेजाऱ्यास लागूनच नाही! काही दिवसांनी ती पट्टी निराळ्या व्यवहाराने द्यावयाची. शाळेतील मुले नियमावलीत फटी शोधतात, तेव्हा मला ही पट्टी आठवते.

येथवर वाचून कोणास वाटेल, की जुनी पोळ म्हणजे सहकाराचे नंदनवन. तसे मुळीच नव्हते. पोळी बहुधा जातीच्या किंवा धंद्याच्या असत; हिंदूंच्या, जैनांच्या, मुसलमानांच्या निरनिराळ्या. शेजाऱ्याचा हक्क हा भिंतीच्या रक्षणाचा हक्क होता, तसाच नको असलेल्या माणसास बाहेर ठेवण्याचाही होता. ज्या जातींना पोळीच्या दरवाज्यात सकाळी झाडू घेऊनच शिरता येई, त्यांना तेथे घर विकत घेण्याचा विचारही शिवणे शक्य नव्हते. भिंतीची गरज आणि जातीचा दुराग्रह हे एकाच नियमात इतके मिसळून गेले होते, की एक तोडावयास जावे तर दुसरे तुटे. या विषयाची खरी अडचण येथे आहे.

विसाव्या शतकात पोळीतून बाहेर पडण्याची लाट आली. गिरण्यांच्या पैशाने नदीपलीकडे बंगले उभे राहिले, त्यांच्यामागून सहकारी सोसायट्या आल्या. रिलीफ रोडसारखे रुंद रस्ते जुन्या वस्तीच्या पोटातून काढले गेले आणि कित्येक पोळी मधोमध चिरल्या गेल्या. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली; भाडेकरूस संरक्षण मिळाले, पण मालकास डागडुजीची उमेद राहिली नाही. जे राहिले ते आवडीने किंवा नाइलाजाने. राहिलेल्यांत मराठी घरेही होती. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर हे जन्माने बडोद्याचे, कर्तृत्वाने अहमदाबादचे. भद्रातील मावळंकरांची हवेली जुन्या शहरातील आपल्या लोकांच्या वस्तीची खूण आहे.

मग १९६२ साल उजाडले. रेवा संस्थानातील एका प्रकरणाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने शेजारीपणावर आधारलेला अग्रखरेदीचा हक्क घटनाबाह्य ठरविला. त्याच निकालात वऱ्हाडच्या जमीन महसूल संहितेतील कलमांचाही विचार झाला आहे. समाईक मालकाचा हक्क न्यायालयाने राखला; शेजाऱ्याचा मात्र मोडला. असे हक्क जातीजमातींना एकत्र कोंडून ठेवतात आणि नागरिकाच्या मिळकत घेण्या-विकण्याच्या स्वातंत्र्यास बाध आणतात, हा त्यामागचा विचार होता. १९६४ साली हेच तत्त्व केवळ रूढीने चालणाऱ्या हक्कासही लागू झाले. पाचशे वर्षे सौद्यात बसलेला तिसरा पक्ष कायद्याने उठविला. निर्णय न्याय्य होता, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु भिंत तशीच राहिली, हे कोणी ध्यानात घेतले नाही. जात बाहेर काढताना भिंतीची काळजीही बाहेर गेली. त्यानंतर कोणीही घर घ्यावे, खालचे खांब काढून गोदाम करावे, वर काँक्रीटचे मजले चढवावेत. शेजाऱ्याने दिवाणी दाव्यापलीकडे काही करू नये.

रिकामी झालेली ती जागा फार काळ रिकामी राहिली नाही. १९६९ आणि १९८५ सालच्या दंगलींनी जुन्या शहराची दैना केली. भीतीपोटी लोक पडेल त्या भावाने घरे विकू लागले. त्यावर उपाय म्हणून गुजरात सरकारने १९८६ साली आणि नंतर १९९१ साली अशांत क्षेत्रांचा कायदा केला. अधिसूचित भागात जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून मिळकतीचे हस्तांतर होऊ शकत नाही. विकणाऱ्याची संमती खुशीची आहे काय आणि किंमत वाजवी आहे काय, हे त्याने पाहावयाचे. अहमदाबादेप्रमाणे बडोद्याच्या जुन्या शहराचे काही भागही त्याखाली आले. हेतू दुर्बलांच्या रक्षणाचा होता. परिणाम वस्त्या अधिकच वेगळ्या पडण्यात झाला, अशी टीका वरचेवर होत आली आहे आणि ती मला निराधार वाटत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढे पाहावे, की ओट्यावर बसलेल्या पंचाची परवानगी गेली आणि कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याची आली. पंचास निदान कोणत्या तुळईवर कोणाचे घर उभे आहे, हे ठाऊक असे.

इकडे नदीपलीकडच्या सोसायट्यांत जुना दरवाजा नव्या रूपाने उभा राहिला. अहमदाबादेतीलच एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा पोटनियम केला होता. तो वैध असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिला. पोळीने जे केले ते घटनेविरुद्ध, संस्थेने केले ते करारस्वातंत्र्य. कायदेपंडितांस यातील भेद स्पष्ट असेल. माझ्यासारख्या शाळामास्तरास तो वर्गात समजावून देताना घाम फुटेल.

जुलै २०१७ मध्ये अहमदाबादचे जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत गेले. भारतातील असे हे पहिलेच शहर. कोटाच्या आतील सुमारे ५३५ हेक्टर भाग आणि त्यातील अडीच हजारांहून अधिक नोंदलेल्या वास्तू यांवर आता महानगरपालिकेच्या वारसा विभागाची नजर असते. नोंदलेले घर पाडण्यास वा बदलण्यास परवानगी लागते, आणि न वापरलेला बांधकामाचा हक्क मालकास अन्यत्र विकता येतो. म्हणजे तिसऱ्या पक्षाच्या आसनावर आता चौथा पाहुणा येऊन बसला आहे. तो घराच्या दर्शनी भागाकडे पाहतो, कोरीव तोड्यांची छायाचित्रे घेतो. दोन घरांमधल्या भिंतीकडे पाहण्याचे काम अजून कोणाचेच नाही.

हे सर्व मी त्या विद्यार्थ्यास सांगितले. मग तेथवर आल्यावर मला स्वतःचीही गोष्ट सांगणे भाग पडले. १९९९ साली, वडील गेल्यानंतर दोन वर्षांनी, मी बडोद्यातील आमचे पोळीतले घर विकले. किंमत चांगली आली. कागद तपासले, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सह्या झाल्या. शेजारच्या काकूंना मी खत झाल्यावर सांगितले. आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एक होती. माझ्या आईच्या आजारपणात त्या भिंतीवर थाप मारली की त्या येत. वर्षाच्या आत खाली प्लास्टिकच्या सामानाचे गोदाम झाले. लोखंडी शटर बसविण्यासाठी पुढचा खांब कापला. पुढल्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन काकूंकडे गेलो, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत ओट्यापासून आढ्यापर्यंत बोट जाईल एवढी भेग होती. काकू त्याविषयी काही बोलल्या नाहीत. ‘चहा घेशील ना रे?’ एवढेच म्हणाल्या आणि भेगेपुढे टांगलेल्या कॅलेंडरावरची तारीख त्यांनी बदलली.

विद्यार्थी कागदांचे पुडके घेऊन परत गेला. दीड महिन्याने त्याचा दूरध्वनी आला. सुट्टीच्या दिवशी तो त्या पोळीत गेला होता आणि चबुतऱ्याजवळच्या ओट्यावर बसलेल्या दोघा-तिघा वृद्धांशी बोलला होता. त्यांनी त्यास दोन प्रश्न विचारले. पहिला आडनावाचा होता. दुसरा असा, की रात्री येथे राहणार ना, की कुलूप लावून भाड्याने देणार? दुसऱ्याला त्याने ‘राहणार’ असे उत्तर दिले. तेव्हा त्यांतला एक उठला आणि त्याने त्यास दोन्ही बाजूंच्या घरांत नेऊन भिंती दाखविल्या, कोठे ओल येते, कोणती तुळई वाळवीने खाल्ली आहे, ते सांगितले. पहिल्या प्रश्नाने तो दुखावला होता, हे त्याच्या आवाजावरून कळत होते. जिल्हाधिकारी कचेरीत त्याने अर्ज केला आहे. वाळवी लागलेली तुळई बदलण्याचा खर्च शेजाऱ्याबरोबर निम्मा निम्मा करण्याचे ठरले आहे.